दहावीनंतर एक वर्ष परदेशी शाळेत : वर्ष खरंच वाया जातं का?



दहावीचा निकाल लागला की दोन-तीन पालक तरी मला रस्त्यात थांबवून एक प्रश्न विचारतात. मी पहिली ते चौथीला शिकवणारी बाई. दहावी-अकरावीशी माझा रोजचा संबंध नाही. पण माझी भाची दहावीनंतर एक वर्ष फिनलंडच्या शाळेत राहून आली, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो. "मॅडम, ते एक्स्चेंजचं काय असतं? पाठवावं का? आणि वर्ष वाया नाही ना जाणार?"

आधी मी गोलमोल उत्तर द्यायचे. आता सरळ सांगते. परवडत असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल तर पाठवा. पण फोटोंसाठी पाठवू नका, इंग्रजी सुधारेल म्हणून पाठवू नका. हिवाळ्यासाठी पाठवा. हे ऐकून पालक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा ते अठरा वर्षांची मुलं एक शालेय वर्ष दुसऱ्या देशात जातात. तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात आणि तिथल्याच शाळेत, तिथल्याच मुलांबरोबर बसतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एएफएस ही संघटना. तिने १९४७ मध्ये शाळकरी मुलांची अशी ये-जा सुरू केली. १९५१ मध्ये याच हेतूने जर्मन मुलांना अमेरिकन घरांमध्ये ठेवण्याचा दुसरा उपक्रम सुरू झाला. काल ज्यांच्याशी लढलो त्यांचीच पोरं आज आपल्या घरात जेवायला बसवायची, अशी ती कल्पना. रोटरीचाही असा कार्यक्रम आहे. यजमान कुटुंबाला सहसा पैसे मिळत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला पटकन खरी वाटत नाही. परक्या देशातली पोर दहा महिने फुकट कोण सांभाळतं? पण सांभाळतात.

भाची अशाच एका संस्थेमार्फत ऑगस्टमध्ये गेली. गाव औलू. फिनलंडच्या उत्तर भागात, बोथनियाच्या आखाताच्या काठावर. ऑगस्ट-सप्टेंबरचे तिचे फोन म्हणजे नुसता उत्साह होता. झाडं किती, सायकली किती, शाळेतले सर किती छान, त्यांना चक्क नावाने हाक मारतात. (हे खरं आहे. तिथे शिक्षकांना नावानेच हाक मारतात. 'सर', 'मॅडम' काही नाही. मला ते अजून पचलेलं नाही, हेही सांगून टाकते.) ऑक्टोबरमध्ये फोन थोडे छोटे झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे आठ वाजले होते. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली,

"मावशी, मी इथे ढ आहे."

दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवलेली मुलगी. बालवाडीपासून तिला कुणी 'ढ' म्हटलेलं नाही. उलट वर्गातल्या इतरांना ती मनातल्या मनात तसं म्हणत असणार. हुशार मुलं म्हणतातच, आपणही म्हटलेलं आहे. आता ती वर्गात मागे बसायची. सव्वा तासाचा एक तास, त्यातले दहा-बारा शब्द कळायचे. सगळे हसले की ही पण हसायची, एक सेकंद उशिरा. तिथे गुण चार ते दहा असे देतात. चार म्हणजे नापास. इतिहासाच्या पेपरात तिला चार मिळाले होते.

आता तिथल्या डिसेंबरबद्दल सांगते, कारण नुसत्या गुणांनी ती इतकी खचली नसती. औलूत डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी दोनच्या सुमारास मावळतो. म्हणजे साडेतीन तासांचा दिवस, तोही ढगाळ असला तर नुसता राखाडी उजेड. शाळेत जाताना अंधार, शाळेतून येताना अंधार. दिवसाचा उजेड ती वर्गाच्या खिडकीतून बघायची. आपण भूगोलात पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो असं शिकवतो, पोरं पाठ करतात, आपण बरोबरची खूण करतो. तो कललेला आस माणसाच्या मनावर काय करतो ते त्या पोरीला त्या महिन्यात कळलं.

फोनवर तिने त्या दिवशीचा प्रसंग सांगितला. उणे अठरा अंश. ती शाळेतून उशिरा निघाली आणि बसथांब्यावर उभी राहिली. बस आली आणि न थांबता निघून गेली. का? तिने हात केला नव्हता. तिकडे थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही. हात करावा लागतो, आणि अंधारात तर मोबाईलचा दिवा हलवावा लागतो किंवा अंगावर चमकणारी पट्टी लागते, नाहीतर चालकाला माणूस दिसतच नाही. आपल्याकडे एसटीला हात करायला कोण विसरतं? पण "परदेशात सगळं आपोआप होत असेल" असं हिच्या डोक्यात. पुढची बस अर्ध्या तासाने. फोन काढला तर थंडीने बॅटरी बसलेली. कडाक्याच्या थंडीत मोबाईल असे अचानक बंद पडतात. अर्धा तास ती त्या थांब्यावर एकाच जागी पाय आपटत उभी होती आणि रडत होती. रडल्यावर पापण्या एकमेकींना चिकटतात हेही तिला तेव्हा कळलं.

घरी पोहोचल्यावर कुणी ओरडलं नाही. कुणी मिठीही मारली नाही. यजमान बाबांनी ड्रॉवरमधून एक चमकणारी चकती काढली, तिच्या जाकिटाच्या खिशाला दोरीने अडकवली आणि ते जेवायला बसले. तिकडे अंधारात रस्त्यावरून चालताना असं काहीतरी अंगावर असावं असा कायदाच आहे. लहान पोरांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांच्या कोटाला ती चकती लोंबत असते. भाचीला वाटलं, बघा, यांना माझं काहीच वाटत नाही. आपल्याकडे असतं तर अर्ध्या गल्लीने विचारलं असतं.

त्या फोननंतर मी माझ्या बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, काय सांगितलं ते आता लिहिते. मी म्हटलं, "ताई, बोलावून घे तिला. पोरगी आजारी पडेल. काय मिळवायचंय असलं?" मी. रोज वीस मुलांना "प्रयत्न कर, जमेल" म्हणणारी बाई. ताईने तिकिटांची चौकशीही केली. दोन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भावोजींचं एकच पालुपद होतं, "मी आधीच सांगितलं होतं."

संस्थेने प्रत्येक मुलाला तिथला एक स्थानिक स्वयंसेवक जोडून दिलेला असतो. घरच्या माणसांना सांगता येत नाही ते त्याला सांगायचं. भाचीची ती ताई स्वतः शाळेत असताना एक वर्ष परदेशात राहून आलेली होती. तिने माझ्या बहिणीशी इंग्रजीत व्हिडिओ कॉल केला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही दिवसातून किती वेळा बोलता?" ताई म्हणाली, तीन-चार वेळा. सकाळी उठली का, जेवली का, झोपली का. त्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं, आठवड्यातून एकदा बोला. बाकीच्या वेळी ती या घरात राहू दे, सध्या ती फोनमध्ये राहते आहे.

ताईला ते फार लागलं. मलाही लागलं. कालची पोरगी आम्हाला शिकवते! पण ताईने ऐकलं. फक्त रविवारी फोन. पहिले दोन रविवार कसे गेले ते ताईलाच विचारा. देवाजवळ निरांजन लावायची आणि मोबाईल समोर ठेवून बसायची.

आता त्या घरातलं सांगते. त्या घरात सात वर्षांचा एक मुलगा होता, नुकताच पहिलीत गेलेला. तिकडे पहिली सातव्या वर्षी सुरू होते. फोन कमी झाल्यावर संध्याकाळचा वेळ उरला, आणि तो वेळ त्या पोराने भरला. त्याला वाचायचा गृहपाठ असायचा. तो आपलं बाराखडीचं पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसू लागला. त्या पुस्तकात शब्द अक्षरगटांनी तोडून छापलेले असतात, मधे छोटी आडवी रेघ. ता-लो. तालो म्हणजे घर. तो बोट ठेवून वाचायचा, ती त्याच्या मागून म्हणायची. ती चुकली की तो खो-खो हसायचा आणि परत म्हणून दाखवायचा. चौऱ्याण्णव टक्क्यांची आमची मुलगी पहिलीतल्या पोराकडून पहिलीचं पुस्तक शिकली.

इथे मी शिक्षिका म्हणून जरा रमते, समजून घ्या. फिनिश भाषा इंग्रजी-जर्मनच्या कुळातली नाही. एस्टोनियन तिची जवळची बहीण, हंगेरियन लांबची. तिला पंधरा विभक्ती आहेत म्हणून सगळे घाबरवतात. पण मराठी मुलाने एवढं घाबरायचं कारण नाही. तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावायचा, झालं. आपण तिसरी-चौथीला तेच तर शिकवतो. इंग्रजीतून विचार करत होती तोपर्यंत तिला ते अवघड जात होतं. एका रविवारी ती म्हणाली, "मावशी, मी मराठीतून फिनिश शिकायला लागले तर पटकन कळतंय." आणि ह्रस्व-दीर्घ! तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा, तुल्ली म्हणजे जकात. दिन आणि दीन यातला फरक माझ्या वर्गातली पोरं कधीच मनावर घेत नाहीत. मी आता त्यांना हे उदाहरण सांगते. "तिकडे वारा म्हणायला जाल तर घराला आग लागेल," म्हटलं की वर्ग हसतो आणि शुद्धलेखन चार दिवस सुधारतं. पाचव्या दिवशी परत तेच.

आपल्या प्रशिक्षणांमध्ये फिनलंडचं फार कौतुक ऐकायला मिळतं. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, ताण नाही. तेही जरा तपासून घ्या. नववीपर्यंत देशपातळीवरची सक्तीची परीक्षा नाही, हे बरोबर. पण शिक्षक आपापल्या चाचण्या घेतातच आणि गृहपाठही असतो. पुढे आपल्या अकरावी-बारावीसारखी जी शाळा आहे, जिथे भाची होती, तिच्या शेवटी मोठी परीक्षा असते. ती १८५२ पासून चालू आहे. एकेक पेपर सहा तासांपर्यंतचा, आणि २०१९ पासून पूर्ण संगणकावर. भाचीच्या शाळेतली शेवटच्या वर्षाची मुलं जानेवारीत आपल्या बारावीच्या मुलांइतकीच भुतासारखी दिसत होती. ताण सगळीकडे आहे. फरक तिला दिसला तो वेगळाच. इतिहासात चार मिळाल्यावर सरांनी तिला बोलावलं. तिला वाटलं आता ऐकावं लागणार. सरांनी विचारलं, "तुला प्रश्न कळला नव्हता की उत्तर येत नव्हतं?" प्रश्नच कळला नव्हता. मग त्यांनी तोच पेपर इंग्रजीत लिहायला दिला. तिला आठ मिळाले. एवढंच. भाषण नाही, समुपदेशन नाही. पण मी हे ऐकलं त्या रात्री माझ्या वर्गातले किती 'चार' मी असे न विचारता देऊन टाकले असतील, याचा हिशोब करत जागी होते.

जेवणाचं विचाराल तर तिथे शाळेतलं गरम जेवण १९४८ पासून सगळ्या मुलांना मोफत आहे. श्रीमंताच्या मुलालाही तेच ताट. गुरुवारी बहुतेक शाळांत वाळलेल्या वाटाण्याचं घट्ट सूप आणि गोड पॅनकेक. शाकाहारी मुलांसाठी सूप वेगळं. "फोडणी द्यायला विसरलेली वाटाण्याची आमटी," असं तिचं वर्णन. मार्चपर्यंत तीच आमटी तिला आवडायला लागली होती.

आता प्रवासाकडे येते, कारण पालकांचा डोळा तिकडेच असतो. हिवाळ्यात ती फिरली नाही असं नाही. औलूहून रेल्वेने साधारण अडीच तासांवर रोवानिएमी आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी जवळ. तिथून जवळच सांताक्लॉजचं गाव आहे, जगभरचे पर्यटक येतात. तिथला लाल टोपीवाला फोटो ताईने स्टेटसला ठेवला आणि शंभर लोकांनी बघितला. भाचीला मात्र तिथलं आठवतं ते वेगळंच. यजमान आजोबांनी तिला सांगितलं की हे अख्खं गाव १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळून टाकलं होतं. नंतर ते नव्याने वसवलं. आल्व्हार आल्टो नावाच्या वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा रेनडिअरच्या शिंगांच्या आकाराचा केला. सांताक्लॉजचं दुकान बघून झाल्यावर ते आजोबा आणि ही, उणे वीसमध्ये, नकाशा हातात घेऊन शिंग शोधत हिंडत होते. याचा फोटो नाही.

दुसरा प्रवास गोठलेल्या समुद्रावरून. औलूजवळ हाइलुओतो नावाचं बेट आहे. एरवी फेरीबोट असायची. कडक हिवाळ्यात समुद्राचा बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरून गाड्यांचा रस्ता खुला करायचे. ओव्हरटेक करायचं नाही, मधे थांबायचं नाही, दोन गाड्यांत अंतर ठेवायचं. ती म्हणाली, गाडीत पूर्ण वेळ कुणी एक शब्द बोललं नाही. आधी तिला वाटायचं हे लोक बोलत नाहीत म्हणजे रागावलेत. त्या दिवशी तिला वाटलं, सगळे मिळून गप्प बसलेत, आणि आपणही त्यांच्यातच आहोत.

ही समज यायला बरेच महिने लागले. डिसेंबरमध्ये ताईने तिकीट काढलं असतं तर "फिनलंडचे लोक माणूसघाणे असतात" एवढं एक वाक्य घेऊन ती परत आली असती, आणि जन्मभर लोकांना ते सांगत राहिली असती. त्या बसच्या रात्री, ती फोनवर माझ्याशी रडत होती तेव्हा यजमान आईने तिच्या पलंगावर हाताने विणलेले जाड लोकरी मोजे ठेवले होते. काही न बोलता. भाचीला ते मोजे दिसले होते, पण त्यांचा अर्थ फेब्रुवारीत कळला. म्हणून मी हिवाळ्यासाठी पाठवा म्हणते. ऑगस्टमध्ये मूल पाहुणा असतं आणि पाहुण्याला सगळीकडेच बरं वागवतात. बर्फ पडून नवलाई संपते, अंधार होतो, कुणाला तुमचं कौतुक उरत नाही, आणि भाषा अजून आलेली नसते. त्या दोन-तीन महिन्यांत मूल एकतर फोनमध्ये शिरतं किंवा त्या घरात शिरतं. पालकाच्या हातात फार थोडं असतं, पण जे असतं ते तेवढ्याच काळात असतं.

याचा अर्थ मूल काहीही झालं तरी तिथेच ठेवा, असा कुणी घेऊ नका. झोप उडाली, जेवण तुटलं, घरात कुणी वाईट वागलं, मूल जगणंच नको म्हणू लागलं, तर रविवारची वाट बघायची नाही. संस्था घर बदलून देतात, वेळ पडली तर परतही पाठवतात. कोणत्या परिस्थितीत काय करणार हे निघायच्या आधी संस्थेला लेखी विचारा. रडणं आणि खचणं यातला फरक आईला कळतो असं आपण म्हणतो. साडेतीन तासांच्या घड्याळाच्या फरकावरून तो नेहमीच कळतो असं नाही, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून तिथला माणूस लागतो.

फेब्रुवारीत एक मजा झाली. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे तास संपतात तेव्हा ती चित्रविचित्र वेष करून ट्रकमध्ये उभी राहतात आणि गावातून मिरवणूक काढतात. ट्रकमधून खाली उभ्या असलेल्या लहान मुलांवर चॉकलेट-गोळ्या फेकतात. थंडी उणे पंधरा असली तरी. मग ती घरी जातात आणि मार्चच्या परीक्षेसाठी दार लावून बसतात. भाची रस्त्याच्या कडेला त्या सात वर्षांच्या पोराबरोबर पिशवी धरून उभी होती. पोरगा गोळ्या वेचत होता आणि तिला ओरडून सांगत होता, "तिकडे, तिकडे!" आणि तिला कळलं की आपल्याला मनात भाषांतर करावं लागलं नाही. मार्चमध्ये तिकडे उजेड इतक्या भराभर वाढतो की रोज जाणवतो. ती सायकलने शाळेत जाऊ लागली, बर्फावरून. औलूत मुलं बर्फातही सायकल चालवतात, सायकलींचे रस्ते सकाळी लवकर साफ करतात. दोनदा पडली. घरी सांगितलं नाही. रविवारी जखम दिसली म्हणून कळलं.

आता मूळ प्रश्न, वर्ष वाया जातं का. हिशोब सरळ आहे. ती जूनमध्ये परतली तेव्हा तिच्या मैत्रिणी बारावीत होत्या आणि ती अकरावीला बसली. एक वर्ष मागे. क्लासवाल्यांनी ताईला ऐकवलं, "मॅडम, स्पर्धेत एक वर्ष म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही." नातेवाइकांनी ऐकवलं. हे सगळं होणार, तयारी ठेवा. माझं म्हणणं इतकंच की नीटसाठी एकामागून एक वर्षं थांबणारी मुलं आपण बघतो आणि त्याला 'ड्रॉप' म्हणून आदराने बोलतो. मग हे एक वर्ष मात्र वाया कसं? ती पुढे डॉक्टर होईल की नाही मला माहीत नाही. ती आता अडलं की विचारते. आधी विचारत नव्हती, कारण तिला सगळं यायचं.

पैशाचंही बोलायला हवं. खर्च काही लाखांत जातो. थोड्या शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्याच. ताई-भावोजी दोघं नोकरीला, एकुलती एक मुलगी, तरी त्यांनी ठेव मोडली. मी शिकवते त्या शाळेतल्या एकाही पालकाला हे शक्य नाही. म्हणून या विषयावर लिहायला मला बरेच दिवस संकोच वाटत होता. कुणासाठी लिहायचं?

उत्तर माझ्या वर्गातच होतं. आमचा भाग उसाचा. दिवाळी झाली की तोडणीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं हमीपत्रक घेऊन, बऱ्याचदा न घेताही, आमच्या शाळेत येतात. काहींच्या घरची बोली गोरमाटी. तीही हिवाळ्यातच येतात, सत्राच्या मध्येच. वर्गात मागे बसतात, सगळे हसले की एक सेकंद उशिरा हसतात. मार्च-एप्रिलला निघून जातात. त्यांना पाठवणारी कुठली संस्था नाही, यजमान घर नाही, रविवारचा फोन नाही. फिनलंडमध्ये बाहेरून आलेल्या मुलांना मुख्य वर्गात बसवण्याआधी साधारण वर्षभर भाषेची तयारी करून घेणारा वेगळा वर्ग असतो. आपल्याकडे तो नाही, आणि मला एकटीला तो काढता येणार नाही. पण एक गोष्ट करता येते ती मी करते. पहिले तीन आठवडे अशा मुलाला उभं करून वाचायला लावत नाही, आणि चुकलं तर आधी विचारते, "प्रश्न कळला नाही की उत्तर येत नाही?" दोन वर्षं झाली. दर वेळी जमतं असं नाही. पटावर बावीस मुलं असतात आणि केंद्रात माहिती भरायची शेवटची तारीख नेहमी उद्याच असते.

मागच्या नोव्हेंबरमध्ये भाची सुट्टीला आली होती, तेव्हा एक दिवस शाळेत आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती सरळ मागे जाऊन दुसरीतल्या एका नव्या मुलीशेजारी खाली बसली. ती मुलगी आठ दिवसांत कुणाशी बोललेली नव्हती. भाचीने वही काढली, घराचं चित्र काढलं आणि तिच्याकडे बघत राहिली. मग एक बाई काढली, बाईच्या हाताला धरलेलं एक लहान पोर काढलं. बाईवर बोट ठेवलं.

"याडी," ती मुलगी म्हणाली.

"याडी," भाची म्हणाली. उच्चार चुकला असावा, कारण ती मुलगी खुदकन हसली आणि परत म्हणून दाखवलं.